सातवा गडी

अहो, काल इस्माईलभाई येऊन गेले.

तेराव्याला जमलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दापोलीहून तीन एसट्या बदलून आले बिचारे. दाढी पार पांढरी झालीय. तिकडे आखातात, सहम गावात, तुमच्या वर्कशॉपला लागून त्यांचं किराणा दुकान होतं, तिथे संध्याकाळी तुम्ही दोघं खोक्यांवर बसायचात, तसेच ते आपल्या ओटीवर टेकले. मी चहा दिला. तुमच्या फोटोला हात लावून त्यांनी डोळे पुसले आणि मग चहा बशीत ओतता ओतता अगदी सहज म्हणाले, "वैनी, ती वादी अदाईची मॅच दिनूला गावली असती, तर तुमचा सगल्यांचा घर मस्कतला झाला असता. मनूची शाला पन घुब्र्यातच झाली असती."

मी म्हटलं, "कुठली मॅच? आम्ही बघायला गेलो होतो ती?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "बगायला? दिनू खेलनार होता, वैनी. त्याने तुम्हाला सांगितलान नाय?"

नाही सांगितलंत. अकरा वर्षं फोनवर बोललात, दर सुट्टीत घरी आलात, शेवटचे आठ महिने तर या घरात रोज माझ्यासमोर बसून जेवलात, पण तोंडातून ब्र काढला नाहीत. आणि आता मी कुणाशी भांडू? फोटोशी?

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाहीये. माझ्या बालवाडीच्या जुन्या हजेरीपटाची कोरी पानं उरली होती, त्यांवर लिहितेय. मनूच्या हाती हे लागू देणार नाही. का, ते सांगते पुढे. तुम्ही आधी सगळं ऐकून घ्या, मधे बोलू नका. तसेही तुम्ही मधे कधी बोलायचात?

इस्माईलभाईंनी सांगितलं ते असं. मस्कतमध्ये रुवीतल्या एका एअरकंडिशनिंगच्या कंपनीत देसाईसाहेब म्हणून मोठ्या हुद्द्यावर होते, आपल्याच रायगडचे, आणि कबड्डीवेडे. त्यांनी सोहारला एकदा तुमची चढाई बघितली होती. त्यांच्याकडे फोरमनची एक जागा होती, बायकामुलांच्या व्हिसासकट. त्यांनी सहमच्या एका माणसाबरोबर तुम्हाला निरोप धाडला, "शुक्रवारी आमच्याकडून खेळ. सातवा गडी कमी आहे. तिथेच मला कागद दे. त्याच रात्रीच्या विमानाने मी सुट्टीवर चाललोय, जाण्याआधी तुझं नाव घालून जातो." तिकडे मालक बदलायचा तर आधीच्या मालकाची लेखी परवानगी लागते, आणि ती सहसा कुणी देत नाही. तुमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, दिली. म्हातारा तुमच्यावर जीव लावून होता. दहा वेळा बंद पडलेले त्याच्या बागेतले पंप तुम्ही दहा वेळा चालू करून दिले होतेत. त्याने कागदावर सही केली, आणि वर मस्कतच्या वाटेवर सीबला त्याच्या भाच्याच्या हॉटेलात दोन दिवस खोलीही दिली. "यल्ला, मदाम को दिखाओ मस्कत," असं म्हणाला होता तो. हे वाक्य मी स्वतः ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बघा, परक्या माणसाला कळतं बायकोला कुठेतरी न्यावं ते.

मी महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर आले होते. सत्त्याण्णव साल. लग्नाला सात वर्षं झालेली, त्यातली पाच तुम्ही तिकडे आणि मी इकडे. मनू साडेपाच वर्षांची, तिला सासूबाईंकडे ठेवलेलं. सहममधले तीन आठवडे वर्कशॉपमागच्या तुमच्या खोलीत गेले. मग ते हॉटेल. हमरस्त्याच्या कडेला, शहरापासून लांब, आजूबाजूला नुसती माती आणि दूरवर डोंगर. पण खोलीत बाथटब होता! मी त्यात कोरडीच बसून बघितलं होतं, आठवतं? तुम्ही दारात उभं राहून पोट धरून हसलात. मी म्हटलं होतं, आज कुठे जायचं नाही, आज आपण इथेच बसायचं आणि बोलायचं. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची होती, की हे असं किती वर्षं चालणार. त्यासाठी मी तीन आठवडे धीर गोळा करत होते.

आणि तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी मॅच बघायला जाऊ. प्रकाशझोतात कबड्डी आहे, रुवीला."

माझं डोकंच फिरलं. समुद्र राहू दे, सोन्याचा बाजार राहू दे, मला हवा असलेला निवांतपणाही राहू दे, साहेबांना कबड्डी! गावात कमी बघितली का? पण तुमचा चेहरा इतका खुललेला होता, की मी गप्प बसले. तुम्ही माझी साडीसुद्धा इस्त्री केलीत. खांद्याला निळी बॅग अडकवलीत. मी विचारलं, मॅच बघायला बॅग कशाला? म्हणालात, "टॉवेल आहे. घाम येतो." डिसेंबरात! मी त्यावरही टोमणा मारला होता. आतमध्ये तुमची हाफपँट होती, नीकॅप होते आणि तो सहीचा कागद होता. काल कळलं.

आता फोनचं.

तुम्ही पाचलाच निघू म्हणत होतात. मी म्हटलं, आज शुक्रवार, आधी मनूशी बोलू. आपल्या घरी कुठला फोन? शेजारी पाटलांकडे करायचा, त्यांनी कुंपणावरून हाक मारायची, आपण ठेवायचा आणि दहा मिनिटांनी परत लावायचा. आणि शुक्रवारी संध्याकाळी तर तिकडचा प्रत्येक माणूस घरी फोन लावत असतो, त्यामुळे लाइन लागली तर नशीब. पहिल्यांदा लागायलाच वीस मिनिटं गेली. पाटीलकाकू म्हणाल्या, मनू आजीबरोबर देवळात गेलीय, येईल एवढ्यात. तुम्ही घड्याळ बघितलंत. म्हणालात, "चल गं, उद्या करू. उद्या तासभर बोल."

आणि मी काय म्हटलं? "पोरीचा आवाज ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तुम्हाला मॅच प्यारी असेल तर तुम्ही जा."

तुम्ही जाऊ शकला असतात ना हो! मी खोलीत बसले असते, रुसले असते, फार तर रडले असते. तुम्ही एकटे गेला असतात, तर जन्मभराचं काम झालं असतं. पण तुम्ही बॅग खांद्यावरून काढलीत, पलंगावर माझ्याशेजारी बसलात आणि माझ्यासाठी पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिलात. एकदाही आवाज चढवला नाहीत. पाऊण तासाने मनू फोनवर आली. पडलेला दात, देवळातला प्रसाद, आजीने मारलं, सगळं सांगून झालं. मी तिला बाथटबचं सांगितलं. शेवटी तुम्ही फोन घेतलात आणि तिला विचारलंत, "मनू, विमानात बसायला भीती वाटेल का गं तुला?" ती काय म्हणाली ते तुम्ही मला हसत सांगितलंत. "आई शेजारी बसली तर नाही वाटणार."

मला वाटलं, लहान पोरीशी बोलायचं म्हणून बाप काहीतरी बोलतोय.

मग आपण रस्त्यावर येऊन उभे राहिलो. टॅक्सी थांबत होत्या आणि पुढे जात होत्या. कुठल्याही टॅक्सीत मागे दोन-तीन पुरुष आधीच बसलेले असायचे, आणि परक्या बाईला त्यांच्या शेजारी बसवायचं नाही अशी तिथली रीत. माझ्या एकटीसाठी मागची सगळी सीट कोण रिकामी करणार? ड्रायव्हर मान वाकवून मला बघायचा, "माफी, माफी", म्हणजे नाही, नाही, म्हणायचा आणि निघून जायचा. मला तेव्हा त्या अदबीचं कौतुक वाटत होतं. तुम्ही रस्त्याच्या कडेला पाच पावलं इकडे, पाच पावलं तिकडे करत होतात. शेवटी एक रिकामी टॅक्सी आली आणि तुम्ही दरवाजा उघडायच्या आधीच ओरडलात, "एंगेज! रुवी! यल्ला!" म्हणजे सगळी गाडी आपल्यालाच. मला म्हणालात, "आज राणीसारखी बस." मी खरंच ऐसपैस बसले. चांगलं वाटलं होतं मला.

मस्कतच्या घुब्रा वस्तीवरून जाताना अंधार पडला होता, रस्त्यावरचे दिवे लागले होते. चार-चार मजली पांढऱ्या इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले युनिफॉर्म, एक बाई ड्रेसवर ओढणी घेऊन पोराचा हात धरून चाललेली, पोराच्या पाठीवर दप्तराऐवजी बॅट. मी म्हटलं, "काय नशीबवान असतील हो या बायका." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बघू." एवढंच. मी पुढे बडबडत राहिले, की इथे पाणी गोड असतं का, इथे कोथिंबीर मिळते का. तुम्ही एकेकाचं उत्तर देत होतात. कोथिंबीर मिळते, नारळ मिळतो, शुक्रवारी मासळीही ताजी मिळते. इतकं बारीकसारीक तुम्हाला कसं माहीत, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. इस्माईलभाई म्हणाले, त्या महिन्यात तुम्ही एका सुट्टीला घुब्र्यात जाऊन एक फ्लॅटही बघून आला होतात.

पुढे डोंगराच्या खिंडीतून जाताना डावीकडे झगझगीत दिवे दिसले. मीच बोट दाखवलं. "अहो, ते दिवे कसले? तिथेच तर नाही ना मॅच?" तुम्ही घड्याळात बघत म्हणालात, "छे, ती वादी अदाई. फुटबॉल असेल. आपल्याला रुवीला जायचंय." सहमच्या माणसांना कुरुमच्या पुढचं सगळंच रुवी, जसं आपल्या गावच्यांना कल्याणसुद्धा मुंबईच. ज्याने तुम्हाला निरोप दिला तोही सहमचाच. आणि विचारायचं कुणाला? तुम्ही कधी रस्ता विचारलाय? गावातही चुकाल, पण विचारणार नाही.

रुवीत आपण अर्धा तास भटकलो. ज्या मैदानाशी टॅक्सी सोडली तिथे काळोख होता. तुम्ही इतक्या भराभर चालत होतात, की मला साडी वर धरून पळावं लागलं. एका कपड्यांच्या दुकानातल्या मल्याळी माणसाला शेवटी मीच विचारलं. तो म्हणाला, "कबड्डी? वो तो वादी अदाई में है, दीदी. पीछे."

पुन्हा टॅक्सी. या वेळी तुम्ही बॅग मांडीवर धरून समोरच्या काचेतून रस्ता बघत होतात. मी मात्र बोलत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, मी आधीच सांगितलं होतं, माझं कोण ऐकतं. सगळं बोलून घेतलं.

पोचलो तेव्हा दिवे लागलेलेच होते, पण मैदानात कुणी खेळत नव्हतं. फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषा पायाखाली विस्कटून गेल्या होत्या. माणसं घोळक्याने उभी राहून वडे खात होती, खुर्च्या आवरणं चाललं होतं. तुम्ही मला एका खुर्चीवर बसवलंत आणि गुणफलकाच्या टेबलापाशी गेलात. कुणाशी तरी बोललात. तो माणूस विमानतळाच्या दिशेने हात करून काहीतरी सांगत होता. मग त्याने घोळक्यातला एक दांडगा तरुण दाखवला, नागोठण्याचा. सातवा गडी आला नाही म्हणून साहेबांनी प्रेक्षकांतून त्याला उतरवलं होतं, तो सुंदर खेळला, आणि साहेबांनी जाता जाता त्याचंच नाव घातलं. हे मला काल कळलं. तेव्हा मी लांबून एवढंच बघितलं, की तुम्ही त्या तरुणाजवळ गेलात, त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि हात मिळवलात.

परत आलात तेव्हा हातात माझ्यासाठी दोन वडे होते. मी फणकारले, "एवढी फरफट कशासाठी? एका मॅचसाठी? काय अडलं होतं तुमचं?"

तुम्ही म्हणालात, "काय नाय गं. खा, गरम आहेत."

अहो, मी ते वडे खाल्ले. मिरची तिखट आहे म्हणून तक्रारही केली.

दोन महिन्यांत अर्बाबच्या थोरल्या मुलाने कारभार हातात घेतला आणि तसला कागद तुम्हाला पुन्हा मिळाला नाही. मी गावी परत आले. जे विचारायचं होतं ते विचारायचं राहूनच गेलं होतं. आणि मी त्या संध्याकाळचा किस्सा केला. लग्नाकार्यांत, हळदीकुंकवाला, तुमच्या भावांसमोर मी तो किती वेळा सांगितला असेल! आमच्या ह्यांनी मला परदेशात नेलं, तिथे काय दाखवलं तर कबड्डी, आणि तीही सापडली नाही. रुवीभर कबड्डी शोधत फिरले! सगळे खो खो हसायचे. तुम्ही समोर असलात तर तुम्हीही हसायचात, वर आणखी मीठमसाला लावायचात, की शेवटी दुकानदारालाच म्हटलं, तूच दम धर, आम्ही चढाई करतो. काल इस्माईलभाई गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मनूला ऐकू जाऊ नये म्हणून.

आधी का सांगितलं नाहीत, ते मला कळतं. ती माझीच शिकवण. तुमचा पहिला व्हिसा आला तेव्हा मीच बजावलं होतं, हातात पडेपर्यंत कुणाला सांगू नका, दृष्ट लागते. आपल्याकडे आखाताला जाणाऱ्यांच्या घरोघरी तेच पाळतात. तुम्ही ते माझ्याच बाबतीत पाळलंत. पण नंतर? सगळं हातचं गेल्यावर कसली दृष्ट लागणार होती?

मनूच्या दहावीच्या वर्षी मी तुम्हाला फोनवर जे बोलले, ते तुम्ही विसरला नसणार. ती तापाने फणफणली होती, मी एकटी, रिक्षा मिळेना. मी म्हटलं, "तुम्हाला आमच्यासोबत राहायचंच नव्हतं कधी. राहायचं असतं तर काहीतरी केलं असतंत. बाकीच्यांनी नाही नेल्या बायका?" एक वाक्य पुरलं असतं हो. 'त्या दिवशी तुझ्यामुळे उशीर झाला.' मी जन्मभरासाठी कानाला खडा लावला असता. पण तुम्ही म्हणालात, "मनूच्या कपाळावर पट्ट्या ठेव. मीठ घाल पाण्यात." आणि वर्षभरात सगळं आवरून कायमचे घरी आलात. मला वाटलं, माझं बोलणं लागलं. जिंकल्यासारखं वाटलं होतं मला. त्याची माफी मागायची तर आता कुठे मागू?

काल रात्री उशाशी उत्तर आलं. मनू दहा वर्षांची असताना तिने तुम्हाला विचारलं होतं, बाबा, तुम्ही आम्हाला का नाही नेलंत तिकडे? मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही म्हणालात, "माझं शिक्षण कमी पडलं, बाळा. मोठ्या नोकऱ्या शिकलेल्यांना मिळतात." मी आत भाकरी थापत मनात म्हटलं, झालं, कबूल केलंत एकदाचं. तुमच्यासारख्या कारागिराने स्वतःच्या लेकीसमोर स्वतःला कमी ठरवलं, आणि मी ते खरं मानलं. आता कळतंय. मला सांगितलं असतंत, तर कधीतरी रागाच्या भरात माझ्या तोंडून ते तिच्यापर्यंत गेलंच असतं. तुम्ही मला पुरते ओळखून होतात. आपण कुणाच्या फोनसाठी थांबलो होतो, हे त्या पोरीला कधीही कळू नये, म्हणून तुम्ही माझी सगळी बोलणी खाल्लीत.

मला तुमचा राग येतोय. खूप राग येतोय. एकट्याने का वाहिलंत? मी काही इतकी कच्ची नव्हते. आणि त्याच वेळी असं वाटतं, की माझ्या बापानेसुद्धा माझ्यासाठी इतकं केलं नसतं, जेवढं तुम्ही आपल्या मनूसाठी न बोलून केलंत. छातीत कळ आली त्या सकाळी तुम्ही तिच्याचकडे बघत होतात. ती वेणी घालत होती. पाऊण तासात सगळं संपलं. मला काही विचारायला मिळालं नाही, सांगायलाही मिळालं नाही.

आज संध्याकाळी मनू क्लासहून आली. इस्माईलभाईंनी आणलेल्या खजुराचा डबा बघून म्हणाली, "काका काय म्हणत होते गं? बाबांबद्दल काही सांगितलं?"

मी म्हटलं, "जुन्या गप्पा. ती कबड्डीची गोष्ट निघाली."

"रुवीभर शोधत फिरलात ती?" आणि ती हसली, अहो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली. माझ्याशेजारी येऊन बसली, खजूर तोंडात टाकला, आणि बी हातात घेऊन म्हणाली, "पण आई, तुम्हाला निघायलाच एवढा उशीर कशामुळे झाला होता?"

मी म्हटलं, "मला साडी नेसायला वेळ लागला."